अर्धी राहिलेली गोधडी

गोधडी ही आपल्या घरांतली इतकी जुनी आणि परिचित वस्तु आहे कीं तिच्यावर भाषण कशाला, असें कोणाच्याहि मनांत येईल. देशावर तिला गोधडी म्हणतात, दक्षिण महाराष्ट्रांत पुष्कळ घरीं वाकळ म्हणतात, आणि तान्ह्या बाळाच्या अंगाखालीं घालावयाची धाकटी गोधडी म्हणजे दुपटें. नांवें निराळीं, पण कृति एकच. जुनेरांचे चार-सहा थर एकावर एक अंथरावयाचे, वरच्या अंगाला रंगीत ठिगळें लावावयाचीं आणि धांवदोऱ्यानें सारे थर एकजीव करावयाचे. यांत शिकण्यास अवघड असें कांहीं नाहीं. सात-आठ वर्षांच्या मुलाला धांवदोरा एका दुपारांत येतो.

आणि तरीहि पुष्कळ घरांत, कपाटाच्या वरच्या फळीवर किंवा पेटीच्या तळाशीं, एक अर्धी राहिलेली गोधडी असते. हौसेनें आरंभिलेली, पंधरा-वीस ओळी घातलेली, आणि मग एके दिवशीं वैतागून घडी करून ठेवून दिलेली. सुई तिच्यांत तशीच टोंचलेली राहते आणि तेथें कापडाला गंजाचा डाग पडतो. अशा गोधडीविषयीं आज बोलावयाचें आहे. ती अर्धी कां राहते, वैताग येतो म्हणजे नेमकें काय होतें, आणि त्या कामाची गोडी पुन्हां कशी लागते, हे तीन प्रश्न आपण पाहूं.

प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाहीं. बाजारांत रजई मिळते, सोलापुरी चादर मिळते. ऊब हवी म्हणून आज कोणी गोधडी शिवीत बसण्याची गरज नाहीं. पण गोधडींत जें कापड असतें तें बाजारांत मिळत नाहीं. आईचें नेसून नेसून मऊ झालेलें लुगडें, वडिलांचें धोतर, मुलाचें पहिलें अंगडें, हीं दुसऱ्यांदा आणतां येत नाहींत. शिवाय बाळासाठीं आरंभिलेलें दुपटें लांबणीवर पडलें तर बाळ थांबत नाहीं. वर्षभरांत तें चालूं लागतें. आणि तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. वैतागून सुई खालीं ठेवणारी व्यक्ति मनाशीं एक निकाल देऊन टाकते कीं, ‘माझ्या हातांत तें नाहींच.’ हा निकाल बहुधा चुकीचा असतो, परंतु एकदां दिल्यावर तो आयुष्यभर टिकतो, आणि जें काम आपल्याला मनापासून आवडत होतें तेंच आपण टाळूं लागतों.

म्हणून आरंभींच एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. वैताग म्हणजे नावड नव्हे. जें काम मुळांत आवडत नाहीं त्याचा आपल्याला कंटाळा येतो. वैताग येतो तो आवडत्या कामांत अडथळा आला म्हणजे. तापाप्रमाणें वैताग हें लक्षण आहे, रोग नव्हे. ताप आल्यावर वैद्य नाडी पाहतो, जीभ पाहतो, कारण शोधतो. त्याचप्रमाणें वैतागाचें कारण शोधलें पाहिजे, आणि तें शोधतांना आधीं स्वभावाकडे न पाहतां सुईकडे, कापडाकडे आणि डोळ्यांकडे पाहिलें पाहिजे.

प्रथम कापड. पूर्वींच्या गोधड्या सुती जुनेरांच्या असत. शेंकडों वेळां धुतलेलें सूत मऊ होतें, सुईला वाट देतें आणि एका थरावर दुसरा थर ठरून बसतो. आज घरांत ज्या जुन्या साड्या निघतात त्यांपैकीं पुष्कळ कृत्रिम धाग्यांच्या असतात. हें कापड गुळगुळीत असतें, थर एकमेकांवरून सरकतात, आणि विणीचे धागे घट्ट असल्यानें सुई अडखळते. शिवाय तें घाम शोषीत नाहीं. अशा साडीची गोधडी करावयास घेतलेल्या बाईला वाटतें कीं आपल्या आजीचा हात आपल्याला आला नाहीं. वस्तुतः आजीचें कापड तिला मिळालेलें नसतें. अशी साडी वापरावयाचीच असेल तर ती ठिगळांपुरती वापरावी. आंतले थर आणि अंगाला लागणारी बाजू मात्र सुतीच घ्यावी. जुन्या चादरी, पंचे, अभ्रे या कामीं उत्तम.

मग सुई आणि दोरा. हातशिवणीच्या सुयांत नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक असते. ब्लाउजला काज करण्याची बारीक सुई सहा थरांत घातली तर ती वांकते आणि बोट दुखूं लागतें. पोतें शिवण्याचा दाभण घेतला तर कापडाला भोंकें पडतात. या दोहोंमधली, लांब आणि ताठ सुई घ्यावी. दोरा हातभर, म्हणजे कोपरापासून बोटांच्या टोंकापर्यंत, किंवा फार तर सव्वा हात असावा. लांब दोरा घेतला म्हणजे ओवण्याचे कष्ट वांचतात असें वाटतें, पण तो प्रत्येक टांक्याला सबंध कापडांतून घांसून जातो, त्याचा पीळ बिघडतो, तो विंझतो आणि मध्येंच गाठ बसते. ओवण्याचा त्रास चुकवावयाचा तर बसण्यापूर्वींच चार-पांच सुया ओवून उशींत टोंचून ठेवाव्या. दोरा मेणाच्या वडीवरून एकदां ओढून घ्यावा. तो गुंतत नाहीं. मधून मधून सुई लोंबकळत सोडावी, म्हणजे चढलेला पीळ आपोआप उतरतो. आणि मधल्या बोटांत अंगुस्तान घालावें. अंगुस्तानाची संवय होण्यास दोन-तीन दिवस लागतात, पण सहा थरांतून सुई उघड्या बोटानें रेटणें हें शौर्य नव्हे.

शेवटीं शरीर. चाळीस वर्षांच्या सुमारास जवळचें दिसणें कमी होऊं लागतें. हें इतकें सावकाश होतें कीं माणसाला कळत नाहीं. त्याला इतकेंच जाणवतें कीं पूर्वीं तासभर आनंदानें होणारें काम आतां वीस मिनिटांत नकोसें होतें. पुष्कळदां हौस गेलेली नसते, चाळिशी आलेली असते. चष्मा लावून बसावें, उजव्या हातानें शिवणारीनें उजेड डाव्या बाजूनें घ्यावा, रात्रीं काळ्या कापडावर काळा दोरा घालूं नये, आणि अर्ध्या तासानें उठून मान व कंबर मोकळी करावी. या साध्या तपासणींतच निम्मा वैताग नाहींसा होतो असा पुष्कळांचा अनुभव आहे.

आतां खुद्द शिवणीकडे वळूं. गोधडींत सर्वांत जास्त चीड आणणारी गोष्ट म्हणजे मध्यभागीं जमणारा फुगवटा. कडेच्या ओळी सुरेख येतात, पण आंत आंत सरकावें तसें वरचें कापड उरूं लागतें आणि शेवटीं मध्यावर चुण्या पडतात. पुष्कळ गोधड्या याच ठिकाणीं अर्ध्या राहिल्या आहेत. याचें कारण असें आहे कीं गोधडी शिवण्याच्या दोन रीति आहेत आणि त्यांची नकळत भेसळ होते.

पहिल्या रीतींत वरचें अंग अगोदर पुरें करतात. सारे तुकडे जोडून एक अखंड कापड झालें म्हणजे तें थरांवर पसरतात, मोठे टांके घालून कच्चा दोरा घालतात आणि मध्यापासून कडेकडे शिवीत जातात. जें कापड उरेल तें कडेला सरकतें आणि शेवटीं कापून टाकतां येतें. दुसऱ्या रीतींत वरचें अंग अगोदर नसतेंच. कडेपासून आरंभ करावयाचा, एक एक ठिगळ मांडावयाचें आणि तें शिवीत शिवीत आंत जावयाचें. कर्नाटकांतील उत्तर कन्नड जिल्ह्यांत यल्लापूर, हळियाळ, मुंडगोड या भागांत सिद्दी लोक राहतात. हे मूळचे आफ्रिकेंतील. त्यांच्यापैकीं अनेकांचे पूर्वज पोर्तुगीजांनीं गोव्यांत आणले होते. त्यांच्या स्त्रिया या दुसऱ्या रीतीनें गोधड्या शिवतात. कोंपऱ्यापासून निघून चारी बाजूंनीं फिरत फिरत त्या मध्यावर पोंचतात, आणि चारी कोंपऱ्यांना कापडाच्या त्रिकोणी घड्या लावतात, त्यांना फुलें म्हणतात. या रीतींत फुगवटा येत नाहीं, कारण प्रत्येक नवें ठिगळ हें जें उरलें असेल तें पोटांत घेतें. कमी पडलें तर मोठें ठिगळ, जास्त झालें तर घडी.

दोन्ही रीति चांगल्या आहेत. परंतु वरचें अंग अखंड जोडून घ्यावयाचें आणि मग शिवण कडेपासून सुरू करावयाची, ही भेसळ झाली कीं उरलेल्या कापडाला बाहेर जाण्यास वाट राहत नाहीं. ज्या गोधडीच्या मध्यावर फुगवटा आला आहे ती फेकण्याचें कारण नाहीं. मधला हातभर भाग उसवावा, जास्तीचें कापड कापावें आणि त्या जागीं एक निराळें मोठें ठिगळ बसवावें. मधलें ठिगळ मुद्दामच घातलेलें आहे असें पाहणाऱ्याला वाटेल.

यापुढचें कारण मापाचें आहे, आणि तें मात्र अंकांत मांडून पाहिलें पाहिजे. सहा फूट लांब आणि साडेचार फूट रुंद अशी एका माणसाची गोधडी घ्या. ओळींत एक एक इंचाचें अंतर ठेवलें तर ५४ ओळी होतात. एक ओळ ७२ इंच. इंचाला ४ टांके धरले तर एका ओळींत २८८ टांके, आणि सबंध गोधडींत १५,५५२ टांके. एका ओळीला अर्धा तास धरला तर हें २७ तासांचें काम झालें. हौसेनें बसलेली बाई पहिल्या दिवशीं दोन तास शिवते आणि चार ओळी घालते. उभी राहून पाहते तों गोधडी जशीच्या तशी. दुसऱ्या दिवशीं तेंच. आठव्या दिवशीं पाहुणे येतात, काम राहतें, आणि महिन्यानें तीच गोधडी पाहिली कीं छातीवर दगड ठेवल्यासारखें वाटतें. चूक हाताची नव्हती. गोधडी एका बैठकीची वस्तु आहे अशी समजूत करून घेतली, ही अडचण होती.

तेच अंक उलट्या बाजूनें वाचावे. दिवसाला अर्धा तास, एक ओळ, तर ५४ दिवसांत, म्हणजे दोन महिन्यांच्या आंत, गोधडी पुरी होते. आणि ज्यांची गोडी अगदींच गेली असेल त्यांनीं मोठी गोधडी बाजूला ठेवून एक दुपटें करावें. तीन फूट लांब, अडीच फूट रुंद. ३० ओळी, ४,३२० टांके. मोठीच्या चौथ्या हिश्शाहून थोडें अधिक. तें आठवड्या-दोन आठवड्यांत हातावेगळें होतें, आणि ‘आपल्या हातून एक वस्तु पुरी झाली’ ही भावना परत मिळते. अंथरूण पाहून पाय पसरावे ही म्हण आपण पैशाविषयीं वापरतों. ती वेळेविषयीं आणि खुद्द अंथरुणाविषयींहि तितकीच खरी आहे.

मिहाय चिक्सेंटमिहाई या मानसशास्त्रज्ञानें १९७५ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत याच गोष्टीचें विवेचन केलें आहे. बुद्धिबळ खेळणारे, डोंगर चढणारे, नृत्य करणारे, शस्त्रक्रिया करणारे अशा लोकांशीं बोलून त्यानें हें पाहिलें कीं माणूस कामांत रंगून केव्हां जातो. काम कौशल्याहून फार जड झालें कीं मनांत धास्ती उत्पन्न होते. फार हलकें झालें कीं कंटाळा येतो. दोन्ही तोलास तोल असलीं कीं वेळेचें भान राहत नाहीं. गोधडी शिवणाऱ्यानें यावरून इतकेंच घ्यावें कीं वैताग आला तर काम एक पायरी सोपें करावें, आणि कंटाळा आला तर एक पायरी अवघड करावें. सरळ ओळींचा कंटाळा आला असेल तर चौकोनांत चौकोन घालावा, दोऱ्याचा रंग बदलावा, एखाद्या ठिगळावर पान किंवा मासोळी काढावी. वैताग आणि कंटाळा यांचें औषध एकमेकांच्या उलट आहे. म्हणून आपल्याला यांपैकीं कोणतें झालें आहे हें आधीं ओळखावें.

आतां जें कारण सांगावयाचें तें अलीकडचें आहे. पूर्वीं बाई आपली गोधडी शेजारणीच्या गोधडीशीं ताडून पाही. आज ती दुकानांतल्या यंत्रावर शिवलेल्या रजईशीं, आणि हातांतल्या मोबाइलच्या पडद्यावर दिसणाऱ्या देशोदेशींच्या निवडक नमुन्यांशीं ताडून पाहते. यंत्राचा टांका शेवटपर्यंत एकसारखा असतो, कारण यंत्राला दम लागत नाहीं आणि त्याला मध्येंच दूध उतू जाईल म्हणून उठावें लागत नाहीं. पडद्यावरचा नमुना कोणी किती वर्षांच्या सरावानंतर केला, आणि त्याआधीं किती बाजूला ठेवले, हें आपल्याला दिसत नाहीं. आपल्या मात्र साऱ्या चुका आपल्याला दिसतात.

या बाबतींत अमेरिकेंतील एक उदाहरण मनन करण्यासारखें आहे. तेथील अलाबामा राज्यांत नदीच्या एका वळणावर जीज् बेंड नांवाची वस्ती आहे. कापसाच्या मळ्यावर गुलाम म्हणून राबलेल्या लोकांचे हे वंशज. तेथील स्त्रिया पिढ्यान्‌पिढ्या शेतांत झिजलेल्या कपड्यांच्या, जुन्या विजारींच्या आणि पोत्यांच्या कापडाच्या गोधड्या शिवीत आल्या, त्या थंडीपासून बचाव व्हावा म्हणून. त्यांच्या रेषा पट्टी लावून आंखलेल्या नाहींत. पट्टे तिरपे जातात, चौकोन एका अंगाला झुकतात. आंखीव नमुना न पाळतां मनानें केलेल्या गोधडीला त्या ‘माझी रीत’ असें म्हणतात. २००२ सालीं ह्यूस्टन येथील कलासंग्रहालयांत या गोधड्यांचें प्रदर्शन भरलें, तें पुढें न्यूयॉर्कला गेलें, आणि २००६ सालीं अमेरिकेच्या टपालखात्यानें त्यांचीं तिकिटें काढलीं. ज्या वांकड्या रेषेला आपण चूक म्हणून उसवीत बसतों, तीच तेथें त्या हाताची ओळख ठरली.

मात्र यावरून कसेंहि शिवलें तरी चालतें असें समजूं नये. कोणतें उसवावें आणि कोणतें राहूं द्यावें, याचा एक सोपा नियम आहे. अंगाला जाणवेल ती चूक उसवावी. नुसती डोळ्यांना दिसेल ती राहूं द्यावी. खालच्या थराला सुई लागलीच नसेल, टांका इतका लांब व सैल असेल कीं त्यांत लहान मुलाच्या पायाचें बोट अडकेल, किंवा पाठीखालीं टोंचेल अशी चुणी आली असेल, तर उसवणें भाग आहे. ओळ वांकडी गेली, टांके लहानमोठे पडले, दोऱ्याचा रंग जुळला नाहीं, तर पुढें चालावें. एक-दोन धुण्यांनंतर सूत आकसतें, ठिगळें फुगतात आणि त्यांत ओळीचें वांकडेपण दिसेनासें होतें. आणि उसवण्याचा निर्णय थकलेल्या रात्रीं कधींहि घेऊं नये. रात्रीं जी ओळ सहन होत नाहीं ती सकाळीं पुष्कळदां ठीक दिसते.

कौतुकाच्या बाबतींतहि थोडी सावधगिरी हवी. १९७३ सालीं मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट या तिघांनीं चित्रें काढण्याची आवड असलेल्या बालवाडींतील मुलांवर एक प्रयोग केला. कांहीं मुलांना अगोदर सांगितलें कीं चित्र काढाल तर बक्षीस मिळेल; कांहींना न सांगतां बक्षीस दिलें; कांहींना दिलेंच नाहीं. कांहीं दिवसांनीं मुलांना मोकळें सोडल्यावर असें दिसलें कीं बक्षिसासाठीं चित्रें काढलेल्या मुलांनीं इतरांच्या मानानें सुमारें निम्माच वेळ चित्रांत घालवला. जें काम स्वतःच्या आनंदासाठीं होत होतें तें मोबदल्यासाठीं होऊं लागलें, आणि मोबदला संपतांच आवडहि ओसरली. गोधडीची प्रत्येक ओळ दाखवून वाहवा मिळविण्याची संवय लागली कीं वाहवा न मिळालेल्या दिवशीं सुई जड होते. म्हणून गोधडी पुरी होईपर्यंत ती फारशी दाखवूं नये हें बरें. ती कोणाच्या अंगावर जावयाची आहे तें मात्र मनांत पक्कें असावें. कोणासाठीं शिवतों हें ठाऊक असलेल्या हाताला कोण पाहतें याची फिकीर कमी असते.

येथें एक फरक सांगितलाच पाहिजे. आपल्याकडे कांहीं स्त्रिया घरोघरीं जाऊन मजुरीनें गोधड्या शिवून देतात. त्यांच्या दृष्टीनें हें पोटाचें काम आहे, आणि त्यांच्यापुढें आनंदाच्या गोष्टी सांगणें शोभणार नाहीं. त्यांना योग्य दाम मिळावे, हाच त्यांच्या वैतागावरचा इलाज. आणि गोधडीचे १५,५५२ टांके ज्यानें एकदां मोजले, तो त्यांच्याशीं मजुरीसाठीं घासाघीस करणार नाहीं.

आतां एकटेपणाकडे वळूं. गोधडी हें मुळांत एकटीचें काम नव्हतें. उन्हाळ्यांत शेताचीं कामें आटोपलीं कीं पावसापूर्वीं ओसरीवर किंवा अंगणांतल्या झाडाखालीं वाकळ पसरली जाई, चारी कोंपऱ्यांना वजन ठेवलें जाई, आणि दोघी-तिघी एकेक बाजू धरून बसत. एकीची ओळ संपे तों दुसरीची अर्धी झालेली असे. गोष्टी चालत, गाणीं चालत, सासर-माहेरचें बोलणें निघे, आणि मनावरचा भार हलका होतां होतां गोधडीहि पुढें सरके. तेच २७ तास तिघींत वांटले कीं वांट्याला ९ येतात. आज ती गोधडी सदनिकेच्या बंद खोलींत एकटीनें, घरचीं सारीं माणसें निजल्यावर शिवली जाते, आणि मग आपण विचारतों कीं पूर्वींची गोडी कोठें गेली! ती सुईंत नव्हतीच; बरीचशी संगतींत होती. आठवड्यांतून एक दुपार शेजारणीकडे आपली गोधडी घेऊन जावें, किंवा तिला तिची घेऊन यावयास सांगावें. दोघींच्या गोधड्या निराळ्या असल्या तरी चालेल. घरांतल्या मुलांना सुया ओवण्यास बसवावें. त्यांची नजर तीक्ष्ण असते आणि त्यांना तें काम आवडतें. घरांतील पुरुषांनींहि एखादी ओळ घालण्यास हरकत नसावी. टांका हात पाहतो, मिशा पाहत नाहीं.

आणि शेवटचें कारण असें आहे कीं त्याला वैताग हें नांव देणेंच चूक आहे. आई गेल्यावर तिच्या लुगड्यांची गोधडी करावी असें ठरतें. लुगडीं बाहेर निघतात, कात्री हातांत येते, आणि हात चालत नाहीं. एखादा तुकडा कापला जातो, ओळ वांकडी येते, चीड येते, गोधडी पेटींत जाते. बाई म्हणते, मला जमलें नाहीं. खरें पाहतां तें दुःख असतें, आणि दुःखाला सवडच मिळालेली नसते. अशा वेळीं घाई करूं नये. लुगडें कापण्याची सक्ति कोठेंहि नाहीं. तें अखंडच घडी घालून आंतल्या थरांत घालतां येतें, किंवा पाठीला अस्तर म्हणून लावतां येतें, म्हणजे कांठ आणि पदर शाबूत राहतात. आरंभ दुसऱ्या कोणत्याहि कापडानें करावा; हात बसला कीं मग त्या लुगड्याकडे यावें. कोणाला वर्ष लागेल, कोणाला दोन लागतील. आणि कधींच जमलें नाहीं तर जाणत्या बाईकडून ती गोधडी शिवून घेण्यांत कमीपणा नाहीं. निदान शेवटची एक ओळ आपल्या हातानें घालावी, म्हणजे झालें.

श्रोतेहो, या साऱ्याचा अर्थ इतकाच कीं वैताग आला म्हणून स्वतःला नालायक ठरवूं नये. कापड पाहावें, सुई पाहावी, चष्मा पाहावा, रीत तपासावी, माप लहान करावें, ताडून पाहणें थांबवावें, संगत शोधावी, आणि दुःख असेल तर त्याला दुःखच म्हणावें. यांपैकीं एखादें तरी कारण आपल्या पेटींतल्या गोधडीला लागू पडेल.

उद्यां दुपारीं ती गोधडी बाहेर काढा. गंजलेली सुई काढून टाका, गोधडीला उन्हांत तासभर पसरा, तिचा कोंदट वास जाऊं द्या. मग चांगल्या उजेडांत एक नवी सुई ओवून एकच ओळ घाला. दुसरी घालण्याची इच्छा झाली तरी थांबा. ती इच्छा परवांसाठीं राखून ठेवा. पावसाळ्याच्या एखाद्या रात्रीं घरांतलें एखादें मूल ती अंगावर ओढून घेईल. ओळ सरळ आहे कीं वांकडी हें तें पाहणार नाहीं. त्याला ऊब लागेल, आणि तें झोंपी जाईल.